ऑटोकॅडमध्ये जॉइन, ब्लॉक, ग्रुप की रीजन? (एका मोराचे ४१२ तुकडे)

कळण्याची_भाकरी (जळगाव)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आता हात टेकले म्हणून धागा काढतेय.

मी एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे ड्राफ्टिंग करते. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, दुकानांच्या पाट्या. शेठ मोबाइलवर फोटो घेऊन येतात, मी ऑटोकॅडमध्ये (संगणकावर आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) काढते, डीएक्सएफ (कटिंग मशीनकडे द्यायची फाइल) करते आणि ती फाइल प्लाझ्मा कटिंगवाल्या (मशीनवर पत्रा कापणाऱ्या) दादाकडे जाते. मागच्या आठवड्यात एका बंगल्याच्या गेटची जाळी होती. कडेनं वेलबुट्टी, मधोमध मोर. स्क्रीनवर एकदम झकास दिसत होता. दादाने फाइल उघडली आणि फोन केला, "ताई, तुमच्या मोराचे चारशे बारा तुकडे आहेत. मशीन चारशे बारा ठिकाणी भोक पाडणार. पाडू का?"

मी नको म्हणेपर्यंत पत्रा लागलेला होता. ३ मिमीचा एमएस (साधं पोलाद), आठ बाय चार फूट. पिसाऱ्याची चाळणी झाली. शेठ काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तो पत्रा आता कुलरच्या मागे उभा आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय.

त्यानंतर काय काय केलं ते सांगते. सगळं सिलेक्ट करून ब्लॉक केला. क्लिक केलं की अख्खा मोर एका झटक्यात निवडला जातो, म्हटलं झालं काम. दादा म्हणाला, तुकडे तेवढेच. ग्रुप केला, तरी तेवढेच. जॉइन दिलं तर खाली लिहून येतं की एकही वस्तू जोडली नाही, सगळ्या बाद केल्या. रीजन दिलं तर शून्य लूप, शून्य रीजन.

प्रश्न असा, की "एक करणे" याचे हे एवढे प्रकार का आहेत आणि कुठे कुठला वापरायचा? कॉलेजात सगळे शिकवले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही.

शून्य_त्रिज्या (नाशिक, मूळ अमळनेर)

ब्लॉक आणि ग्रुप म्हणजे पिशवी. शेंगा पिशवीत भरल्या म्हणून त्यांची एक शेंग होत नाही. उचलायला सोपं जातं, एवढंच. मशीन पिशवी फाडून शेंगा मोजतं.

जॉइन म्हणजे दोरीला दोरीची गाठ. रीजन म्हणजे दोरीने घेरलेली जमीन. तुम्हाला गाठ हवी आहे.

भुसावळ_जंक्शन

मालगाडीला ५८ डबे जोडले तरी तो एक डबा होत नाही, हे आम्ही लहानपणी पुलावर उभं राहून मोजत शिकलो. ऑटोकॅडवाल्यांनी भुसावळला यायला हवं होतं.

गिरणाकाठचा (चाळीसगाव)

ताई, नुसतं जॉइन देऊ नका. जॉइनला टोकाला टोक तंतोतंत लागलेलं हवं असतं, केसभर फट चालत नाही. मुख्य अपवाद दोन. एकाच सरळ रेषेत असलेल्या दोन रेघा, मधे फट असली तरी त्यांची एक रेघ होते. भिंतीतला दरवाजा काढून टाकल्यावर उरलेली फट बुजवायला हे बेस्ट. आणि एकाच केंद्राचे, एकाच त्रिज्येचे दोन आर्क (वर्तुळाचे तुकडे), तेही फट बुजवून एक होतात. बाकी बहुतेक ठिकाणी फट म्हणजे नकार.

तुम्हाला पीएडिट हवं, म्हणजे पॉलिलाइन (तुकड्यांची मिळून झालेली एकच सलग रेघ) करायची कमांड. पीई टाइप करा, एंटर, मग एम म्हणजे मल्टिपल, सगळं सिलेक्ट करा. "पॉलिलाइन करू का" विचारेल, वाय द्या. मग जे म्हणजे जॉइन. मग तो फझ डिस्टन्स विचारतो. म्हणजे किती फट असली तर चालवून घेऊ. तिथे ०.०५ द्या. प्लाझ्माचा कापच दीड-दोन मिमीचा असतो, त्यात ०.०५ कुठे दिसणार? ०.०५ ने नाही भागलं तर ०.१. पण उगाच ५ देऊ नका. आमच्या एका पोराने ५ दिला होता, गणपतीची सोंड कानाला चिकटली.

तो वाय-वाय करायचा कंटाळा येत असेल तर पीएडिटॲक्सेप्ट हे व्हेरिएबल १ करा, मग विचारत नाही.

कळण्याची_भाकरी

केलं. एम, सगळं, वाय, जे, ०.०५. उत्तर: "झीरो सेगमेंट्स ॲडेड टू पॉलिलाइन". ०.१ ला पण तेच. रागाच्या भरात २ देऊन पाहिलं, तेव्हाही तेच!

गणपतीची सोंड तरी चिकटली. माझ्या मोराचं काहीच चिकटत नाही.

पाटोडी_प्रेमी (पाचोरा)

मोर कुठून आणला? स्वतः काढला की गुगलवरून उचलला? खरं सांगा 😄

कळण्याची_भाकरी

मोर शेठनी दिला. त्यांच्या भाच्याने कुठल्यातरी थ्रीडी फाइलमधून काढून दिला म्हणे. वेलबुट्टी माझी.

पाटोडी_प्रेमी

थ्रीडी म्हणालात ना? तिथेच पाणी मुरतंय.

सातपुडा_७ (शिरपूर)

मी बांधकामाच्या बाजूचा, म्हणून वेगळं सांगतो. वर ब्लॉकला पिशवी म्हणून मोकळे झालेत सगळे, ते मला पटलं नाही. ब्लॉक पिशवी नाही, ब्लॉक साचा आहे. मूळ आकृती फाइलमध्ये एकदाच साठवलेली असते आणि ४८ खिडक्या म्हणजे त्या साच्याचे ४८ ठसे. साच्यात ग्रिलची एक पट्टी वाढवली की ४८ ठिकाणी वाढते. फाइलही हलकी राहते. ग्रुपमध्ये यातलं काही नाही. ग्रुप कॉपी केला की प्रत्येक कॉपी स्वतंत्र, एक बदला, बाकीच्यांना पत्ता नाही.

आणि मोजणी. किती दरवाजे, किती खिडक्या हे ब्लॉक असतील तर काउंट कमांडने मिनिटात निघतं. जुन्या व्हर्जनमध्ये बीकाउंट होतं. एक्स्प्लोड केलेल्या, म्हणजे ब्लॉक फोडून सुट्या रेघा केलेल्या प्लॅनवर बोट ठेवून एक, दोन, तीन मोजणारा साइट सुपरवायझर पाहिला की ब्लॉकची किंमत कळते.

शून्य_त्रिज्या

साचा मान्य. पिशवी मागे घेतो. ग्रुपपुरती ठेवतो.

भरीतवाला (यावल)

आते समजनं भो. इतला दिन आपण नुस्ता ब्लॉकच करी ऱ्हायनूत.

तूरडाळ_मिल (जळगाव)

ब्लॉकवरून आठवलं. एका आर्किटेक्टच्या फाइलमधून मी चांगला नक्षीदार दरवाजा कॉपी करून माझ्या प्लॅनमध्ये पेस्ट केला. त्याच्याकडे तो ९०० चा होता, माझ्याकडे आला तो माझाच जुना ७५० चा, संडासाचा. तीनदा केलं. म्हटलं संगणक उन्हाने वितळला. मग कळलं, दोघांनीही ब्लॉकचं नाव डी१ ठेवलं होतं. पेस्ट करताना नाव जुळलं की ज्या फाइलमध्ये पेस्ट करतोय तिथलाच साचा जिंकतो, पाहुणा हरतो. दिवाणखान्याला संडासाचा दरवाजा लागून प्लॅन प्रिंटही झाला होता.

तेव्हापासून ब्लॉकच्या नावात कामाचं आद्याक्षर घालतो.

गिरणाकाठचा

+१. आणि बेस पॉइंट, म्हणजे ब्लॉक जिथे धरून ठेवतो तो बिंदू! नवीन पोरं ब्लॉक करताना बेस पॉइंट निवडतच नाहीत, तो शून्य-शून्यला राहतो. मग ब्लॉक ठेवायचा जळगावात आणि उमटतो सुरतेला.

सातपुडा_७

आणि ब्लॉकमधल्या वस्तू लेयर झीरोवर (लेयर म्हणजे आकृतीचे थर) काढा, म्हणजे ज्या लेयरवर ठेवाल तिथला रंग घेतात. एवढं सांगून पुन्हा ट्रॅकवर येतो. ताईंचा मोर राहिलाच.

पाट्यावाला (धरणगाव)

ताई, तुम्ही दुकानांच्या पाट्या करता म्हणालात, म्हणून मधेच तोंड घालतो. मोराचं मला माहीत नाही, पण अक्षरांनी मी सहा वर्षं मार खाल्लाय.

मराठी अक्षरं कापायला देताना युनियन (एकावर एक आलेल्या आकृत्यांची एकच आकृती) करावंच लागतं, इंग्रजीवाल्यांना हा प्रश्नच नाही. त्यांची अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेषेला लटकलेली. समजा "वैभव" लिहिलं. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याची त्याची असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढते, म्हणून डोळ्याला अखंड दिसते. आउटलाइन केली की चढलेला भाग दोन्ही आकृत्यांत येतो. तशीच फाइल दिली तर मशीन "वै" पूर्ण कापतं, मग "भ" ची बाह्यरेषा कापताना "वै" च्या शिरोरेषेत घुसतं. हातात येतात तीन सुटी अक्षरं, प्रत्येकाच्या डोक्याला तासलेली चीर. मी पहिली पाटी अशीच गिऱ्हाइकाला वेल्डिंग मारून दिली आणि वरून ग्राइंडर फिरवला. त्याला कळलं नाही. मला अजून दिसते, येता-जाता.

तर पद्धत अशी. टीएक्सटीएक्स्पने अक्षरांच्या रेघा करायच्या. प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा बंद पॉलिलाइन करायची, मग रीजन, मग युनियन. शिरोरेषा आता खरी एक झाली. "व" च्या पोटातला गोल वेगळा रीजन असतो, तो सबट्रॅक्ट, म्हणजे वजा, करायचा. आणि इथे थांबायचं नाही. कटिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना रीजन दिसतच नाही, कोरं पान उघडतं. म्हणून रीजन एक्स्प्लोड करायचा, पुन्हा रेघा आणि आर्क मिळतात, त्यांना पुन्हा पीएडिट जॉइन. उलटा घास वाटतो, पण तोच रस्ता आहे. कोरलमध्ये हेच काम वेल्ड करतं आणि इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं युनियन, तिथे हा फेरा पडत नाही.

अजून एक. शब्द उरवायचा की पाडायचा हे गिऱ्हाइकाला आधी विचारा. शब्द उरवायचा असेल, म्हणजे अक्षरं भिंतीवर लावायची असतील, तर "व" चं पोट आधी कापायचं, बाहेरची रेषा शेवटी. शब्द पाडायचा असेल, म्हणजे पत्र्यात आरपार, तर "व" चं पोट आधाराशिवाय राहतं आणि खाली पडतं. त्याला दोन-तीन मिमीचा ब्रिज, म्हणजे न कापलेली पट्टी, ठेवावा लागतो. न ठेवता कापलेला "वैभव" मी पाहिलाय. दोन्ही "व" आंधळे झाले होते.

कळण्याची_भाकरी

बाप रे! हे मला पुढच्या महिन्यात लागणारच होतं. एका ज्वेलर्सची पाटी आहे. वाचनखूण साठवली.

भुसावळ_जंक्शन

"दोन्ही व आंधळे" 😂😂 आता प्रत्येक पाटी बघताना पोट बघणार.

तापीकाठ (चोपडा)

युनियनचा विषय निघालाय तर आमच्या बाजूची गंमत ऐका. मी खासगी सर्व्हे करतो, टोटल स्टेशनवर (जमीन मोजायचं यंत्र). दोन भावांचे लागून असलेले दोन गट. एकाच्या आकृतीचं क्षेत्र १.२० हेक्टर, दुसऱ्याचं ०.८५. मोठ्या भावाला दोन्ही मिळून केळी लावायची होती, ठिबकचा अंदाज हवा होता. मी दोन्ही बंद पॉलिलाइनचे रीजन केले आणि युनियन मारलं. बेरीज २.०५ यायला हवी ना? आली २.०४.

कॅल्क्युलेटर बडवला, सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या. चूक त्याची नव्हती. दोघांनी आपापली हद्द दाखवताना बांध आपल्यात धरला होता, दोघांनीही. युनियन एकावर एक आलेला भाग एकदाच मोजतं. मग कॉपी घेऊन इंटरसेक्ट (दोन्हींत येणारा भाग तेवढा ठेवणारी कमांड) मारलं, तर निमुळती एक पट्टी उरली. १०० चौरस मीटर, म्हणजे एक आर, जवळजवळ एक गुंठा. तो बांध.

स्क्रीनवर नुसती ती पट्टी उरली तेव्हा दोघे भाऊ मागे उभे होते. कुणीच बोललं नाही. मग धाकटा म्हणाला, "चहा सांगा." मी घाईघाईने अनडू केलं. (मोजणी खरी भूमी अभिलेखचीच, हे दोघांना तिथल्या तिथे सांगितलं. माझी आकृती पाइपापुरती.)

अहिराणी_मंडळ (धुळे)

इंटरसेक्टनी बांध काढना! आमना गावले या दादा. तठे एकबी रेघ जॉइन व्हस नही.

तूरडाळ_मिल

प्रतिसाद काढून टाकला आहे (चुकून दोनदा पडला)

भरीतवाला

सोप्या भाषेत सांगू का? थाळी म्हणजे ग्रुप. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, मिरचीचा ठेचा, सगळं एका ताटात पण ज्याचं ते वेगळं. भरीत म्हणजे युनियन. पऱ्हाट्यांवर भाजून, बडगीत ठेचलं की वांगं परत मिळत नाही.

पाटोडी_प्रेमी

आणि ब्लॉक?

भरीतवाला

लग्नाची पंगत. एका ताटात शेव वाढली की चारशे ताटांत वाढते.

सातपुडा_७

याला तोड नाही. पण एक शंका: पंगतीत एकालाच बिनतिखटाचं हवं असेल तर?

भरीतवाला

त्याचं ताट एक्स्प्लोड करायचं.

जुना_ट्रेसर (धुळे)

मुलांनो, मजा चाललीय ती चालू दे. मी पासष्टीचा आहे, आयटीआयचा ड्राफ्ट्समन, निम्मी नोकरी ट्रेसिंग पेपरवर गेली. थोडं जुनं सांगतो, मग मोराकडे येतो.

आमच्या वेळी "एक करणे" म्हणजे एका ट्रेसिंगवर दुसरं ट्रेसिंग ठेवायचं आणि काचेच्या टेबलाखाली बल्ब लावायचा. खाली इमारत, वर प्लंबिंग. खालचं बदललं की वरच्या शीटला धक्का नाही. तुम्ही ज्याला एक्सरेफ म्हणता ते हेच. दुसरी फाइल माझ्या फाइलमध्ये दिसते, पण माझी होत नाही. मूळ मालकाने भिंत हलवली की माझ्याकडे हलते. म्हणून एक्सरेफ दुसऱ्याच्या कामासाठी, ब्लॉक स्वतःच्या कामासाठी. पोरं पेनड्राइव्हवर एकच फाइल घेऊन येतात आणि इमारत गायब झाली म्हणून रडतात. ट्रेसिंगची खालची शीट घरी विसरली तर दुसरं काय होणार? बाहेर द्यायची फाइल बाइंड करून (एक्सरेफ आपल्याच फाइलमध्ये मुरवून) द्या.

आणि साच्याची कल्पना ऑटोकॅडची नाही. ऑटोकॅड १९८२ चं. त्याआधी १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीत आयव्हन सदरलँडने प्रबंधासाठी स्केचपॅड केलं होतं, लाइट पेनने थेट पडद्यावर काढायचं. त्यातच मास्टर आकृती आणि तिच्या नकला होत्या, मास्टर बदलला की नकला बदलत. आपल्याकडे तेव्हा, आणि पुढे आमच्या काळातही बरीच वर्षं, खिडकी स्टेन्सिलने काढत आणि चुकलं की ब्लेडने खरवडत.

आता मोर. ताई, फझ २ देऊनही एक सेगमेंट जोडलं जात नाही याचा अर्थ फट आडवी-उभी नाहीच. फट उंचीची आहे. एका रेघेवर लिस्ट कमांड द्या आणि झेड (म्हणजे उंची) किती दिसतो ते इथे लिहा.

कळण्याची_भाकरी

काका, आधीच पाहिलं होतं. झेड दोन्ही टोकांना ०.०० आहे. म्हणूनच तर डोकं फिरलंय.

जुना_ट्रेसर

तुमच्या युनिट्समध्ये दशांश किती ठेवलेत?

कळण्याची_भाकरी

दोन. मिमीत काम आहे, दोन पुरे की.

जुना_ट्रेसर

युनिट्समध्ये जाऊन आठ करा. मग पुन्हा लिस्ट द्या.

कळण्याची_भाकरी

०.००३१००००

दुसरं टोक ०.००००००००

काका!!

शून्य_त्रिज्या

काकांना साष्टांग. ऑटोकॅड खोटं बोललं नाही, दोन दशांशांत खरं बोललं.

पाटोडी_प्रेमी

थ्रीडीत पाणी मुरतंय हे कोण म्हणालं होतं? नाही, सहज विचारतोय.

गिरणाकाठचा

म्हणजे रेघ तिरकी आहे, कागदातून वर उचललेली. पीएडिटची साधी पॉलिलाइन सपाट असते, तिरकी रेघ तिला चालत नाही. जॉइनने सपाट नसलेल्या रेघांची थ्रीडी पॉलिलाइन होऊ शकते, पण त्यालाही टोकं तंतोतंत हवीत, आणि ती झाली तरी कटिंगवाला पुन्हा फोन करणार.

ओव्हरकिल (दुहेरी रेघा काढून टाकणारी कमांड) मारा आधी. अशा उचललेल्या फाइलमध्ये एकावर एक दुहेरी रेघा हमखास असतात. नाहीतर मशीन एकाच रेघेवरून दोनदा जातं.

जुना_ट्रेसर

क्रम उलटा हवा. आधी झेड शून्य, मग ओव्हरकिल. एक रेघ जमिनीवर आणि तिची जुळी ०.००३ वर असेल तर ओव्हरकिल त्यांना जुळी ओळखेलच असं नाही. सपाट केल्यावर ओळखतो.

गिरणाकाठचा

बरोबर काका, चुकलो. झेड शून्य करायचे तीन रस्ते: फक्त रेघा निवडून प्रॉपर्टीजमध्ये स्टार्ट झेड आणि एंड झेड ० टाकणे, आर्कला सेंटर झेड. किंवा फ्लॅटन, पण ते एक्स्प्रेस टूल्समध्ये आहे, जुन्या एलटीत (ऑटोकॅडची छोटी आवृत्ती) मिळणार नाही. किंवा जुना देशी जुगाड, सगळं झेडच्या दिशेने १ई९९ (एकावर नव्याण्णव शून्यं) एवढं वर न्यायचं आणि तेवढंच खाली आणायचं. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे ०.००३ विरून जातं, परत येताना सगळं शून्यावर. तिन्ही आधी फाइलची कॉपी करून.

तापीकाठ

जुगाड भारी आहे. मोराला आभाळात नेऊन खाली आणायचं, उरलेला चिखल तिथेच झटकला जातो.

पाट्यावाला

पिसारा स्प्लाइनमध्ये (मुक्त वळणाच्या रेघेत) आहे का बघा. पीएडिट स्प्लाइनलाही पॉलिलाइन करतं, पण प्रिसिजन विचारतं. ९९ दिलं की बारीक-बारीक शेकडो रेघा होतात आणि मशीन थरथरत चालतं, कड दातेरी येते. १० पुरे.

तूरडाळ_मिल

फट कुठे आहे ते डोळ्यांनी शोधू नका. आत क्लिक करून हॅच मारा, म्हणजे बंद जागा रेघांनी भरा. जरा नव्या व्हर्जनमध्ये हॅच बसला नाही की उघड्या टोकांना लाल गोल दिसतात. रीजेन (पडदा ताजा करायची कमांड) दिलं की जातात. मी तेवढ्यासाठीच हॅच वापरतो.

सातपुडा_७

अवांतर: ऑनलाइन बांधकाम परवानगीच्या फाइलमध्येही हीच रड. प्लॉटची हद्द, इमारतीची कड, सगळं बंद पॉलिलाइन हवं, नाहीतर सॉफ्टवेअर क्षेत्रच वाचत नाही. डोळ्याला बंद दिसतं, प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डसमोर "नो" असतं. एक प्लॅन माझा यावरून दोनदा परत आलाय.

फ्रीकॅडवाला (नंदुरबार)

ऑटोकॅड परवडत नाही त्यांच्यासाठी: फ्रीकॅडच्या ड्राफ्टमध्ये अपग्रेड नावाचं एकच बटण आहे. सुट्या रेघा निवडून एकदा दाबलं की जोडून वायर, बंद वायरवर पुन्हा दाबलं की फेस (भरलेला पृष्ठभाग), एकावर एक आलेले फेस निवडून पुन्हा दाबलं की युनियन. डाउनग्रेड दाबलं की उलटा प्रवास. पोरांना शिकवायला मी हेच वापरतो, कारण दोरी, गाठ आणि जमीन या तीन पायऱ्या एकाच बटणात ओळीने दिसतात.

भुसावळ_जंक्शन

४४ अंशात इतका सविस्तर धागा! वीज आहे वाटतं सगळीकडे.

कळण्याची_भाकरी (दोन दिवसांनी)

आले एकदाची. परवा दुपारी चार तास लाइट नव्हती, म्हणून उशीर.

काकांच्या क्रमाने गेले. कॉपी केली. रेघांचा स्टार्ट झेड, एंड झेड शून्य, आर्कचा सेंटर झेड शून्य. ओव्हरकिल: ४१२ चे २८७ झाले. म्हणजे १२५ रेघा नुसत्या एकावर एक पडलेल्या, भाच्याची कृपा. मग पीई, एम, जे, ०.०५. पहिल्यांदा "झीरो" च्या जागी दुसरा आकडा आला तेव्हा मी खुर्चीवरून उठले, शेजारच्या टेबलावरचा मुलगा घाबरला.

शेवटी नऊ पॉलिलाइन उरल्या. आठ क्लोज्ड. नववी चोचीपाशी उघडी, ती हॅचच्या लाल गोलानेच सापडली. ०.४ मिमीची फट. फझ वाढवायचा मोह झाला, पण गणपतीची सोंड आठवली. तिथे फक्त दोन रेघा शून्य त्रिज्येच्या फिलेटने (दोन रेघांचा कोपरा जुळवणारी कमांड) टोकाला मिळवल्या आणि पुन्हा जॉइन केलं.

शून्य_त्रिज्या

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा आयडी कामासाठी वापरला. भरून आलं.

गिरणाकाठचा

कापला का मग?

कळण्याची_भाकरी

काल संध्याकाळी. मीच गेले होते एमआयडीसीत, दादाच्या शेजारी उभी राहिले. नऊ भोकं पडली, मोजली मी. डोळा आधी कापला, मग पिसाऱ्यातली नक्षी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. दादाने पत्रा उचलून उन्हाकडे धरला आणि जमिनीवर मोराची सावली पडली.

एवढं सगळं झाल्यावर दादा म्हणतो, "ताई, ह्याच गेटला दुसरं दार पण आहे ना? त्यावरचा मोर उलट्या तोंडाचा लागेल."

मिरर मारून देते म्हटलं.

सातपुडा_७

मिरर करण्याआधी मूळ मोराचा ब्लॉक करा! उद्या शेठ म्हणतील तुरा मोठा करा, तर दोन्हीकडे होईल. फक्त दादाला देताना एक्स्प्लोड करून द्या. ब्लॉक फुटला तरी आतली पॉलिलाइन अखंड राहते. मात्र एक्स्प्लोड एकदाच मारा, दुसऱ्यांदा मारलात तर पॉलिलाइनच्याही रेघा होतील आणि आपण पुन्हा पहिल्या प्रतिसादावर येऊ.

कळण्याची_भाकरी

हे वाचायच्या आधी मी दोनदा मारलं होतं.

भरीतवाला

कंट्रोल झेड, ताई. भरिताला ते नसतं, ऑटोकॅडला आहे.